घरगुती टार्गेटमधून बाण पुन्हा पुन्हा आरपार जातोय? भोक बुजवण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. नवं टार्गेट केलं, सुरुवातीला बाण मस्त अडकले. मग मधला भाग हळूहळू पोकळ झाला, बाण पिसांपर्यंत आत जायला लागला आणि एक दिवस पलीकडून बाहेर पडला. भोकावर पुठ्ठा चिकटवला, चिंध्या कोंबल्या, वरून चिकटपट्टी मारली. थोडे दिवस बरं चाललं आणि परत तेच. वैतागून कुणी टार्गेटची जाडी वाढवतं, कुणी पाठीमागे प्लायवूड ठोकतं. जाडीने काही काळ निभतं. प्लायवूडने मात्र बाणांचं वाटोळं होतं.

हा त्रास परत परत येतो, कारण ठिगळ लागतं पुढच्या पृष्ठभागाला आणि बाण थांबतो आतल्या घर्षणाने. टोक फक्त वाट काढतं. दांडी त्या वाटेत शिरली की चहूबाजूंनी दाबून बसलेला माल तिला धरतो आणि ती पकड बाणाचा जोर खाऊन टाकते. म्हणजे लागतो तो दाब. माल कडक असून सैल रचलेला असेल तर काही उपयोग नाही. आणि मऊ माल घट्ट आवळला तर तोच बाण निम्म्यात थांबवतो.

थोडा हिशेब केला की हे नीट दिसतं. २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ५५ मीटर वेगाने आला, म्हणजे मध्यम ताकदीच्या रिकर्व्हचा (टोकं पुढे वळलेल्या, बिनकप्पीच्या धनुष्याचा), तर त्यात सुमारे ३९ ज्यूल ऊर्जा असते. तोच बाण कंपाउंडमधून, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्यातून, ८५ मीटर वेगाने सुटला तर जवळपास ९४ ज्यूल. वेग दीडपटीच्या आसपास वाढला, ऊर्जा अडीचपटीच्या घरात गेली. रिकर्व्हचा हा बाण २५ सेंटिमीटरमध्ये थांबवायला सरासरी १६ किलो वजनाइतका जोर लागतो, कंपाउंडच्या बाणाला ३८ किलोइतका. मित्राच्या रिकर्व्हला वर्षभर पुरलेलं टार्गेट तुमच्या कंपाउंडने चार दिवसांत का फाडलं, याचं उत्तर इथे आहे.

हाच हिशेब उलटाही लागतो. तो रिकर्व्हचा बाण १० सेंटिमीटरमध्येच थांबवायचा ठरवलात तर सरासरी जोर ४० किलोइतका होतो, आणि ती घट्ट पकड बाण उपसताना तुमच्याच मनगटाला भोगावी लागते. त्यामुळे ‘बाण जेमतेम आत जायला हवा’ हा हट्ट सोडा. ३० सेंटिमीटर जाड टार्गेटमध्ये टोक १५ ते २० सेंटिमीटरवर थांबलं तर ते उत्तम चाललंय असं समजा.

अनेकांना वाटतं मागे सरकून मारलं की टार्गेट टिकेल. १० मीटरच्या फरकाने बाणाचा वेग नावापुरताच घटतो. मागे सरकल्यावर टार्गेट जास्त टिकतं ते तुमचा नेम पसरतो म्हणून, आणि पसरलेल्या नेमाचा धोका वेगळा आहे. त्यावर शेवटी बोलू.

आधी खोली मोजा

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक काम करा. बाणाच्या दांडीवर टोकापासून दर ५ सेंटिमीटरवर मार्करने खूण करा. मग त्याच बाणाने, त्याच अंतरावरून टार्गेटवर वेगवेगळ्या जागी मारा: मधे, वरच्या भागात, खालच्या भागात, दोन्ही कडांपासून वीतभर आत. प्रत्येक वेळी किती खुणा बाहेर राहिल्या ते टिपून ठेवा.

मधे खोल आणि बाकी सगळीकडे ठीक असेल तर माल झिजलाय, रचना चांगली आहे. वर खोल आणि खाली उथळ असेल तर माल खाली बसलाय. हा खास गोणीचा आजार. सगळीकडेच खोल जात असेल तर आवळण कमी आहे किंवा मालच तुमच्या धनुष्याच्या लायकीचा नाही. आणि एक बाण उथळ, त्याच्याच शेजारचा एकदम आरपार असा लहरीपणा दिसला तर थरांमध्ये फट आहे किंवा गोणीत कुठेतरी पोकळी राहिलीय. या चार प्रकारांना उपाय वेगवेगळे लागतात. सगळ्यांवर चिंध्या कोंबणं हा एकच उपाय करत राहिलात तर दुखणं हटणार नाही.

थरांचं टार्गेट: पुठ्ठा, कार्पेट, फोमच्या शीट

हा माझ्या मते स्वस्तातला सर्वात शहाणा प्रकार. पट्ट्या एकावर एक आडव्या रचायच्या, वर आणि खाली जाड फळी, आणि दोन्ही बाजूंनी आटे पाडलेल्या सळया घालून नट-वॉशरने आवळायचं. सळया नको असतील तर ट्रकवर माल बांधायला वापरतात तसे रॅचेटचे पट्टे चालतात. बाण थरांच्या कडांवर मारायचा, म्हणजे तो दोन थरांच्या मधून शिरतो आणि थर कापले जात नाहीत. पुठ्ठे मारणाऱ्याच्या समोर उभे, भिंतीसारखे एकामागे एक लावले तर प्रत्येक बाण प्रत्येक पुठ्ठ्याला भोक पाडतो आणि तो माल बघता बघता चाळणी होतो. आरपारच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी नुसत्या थरांची दिशा बदलल्याने मिटतील.

दिशा बरोबर असूनही बाण खोल जात असेल तर आवळण तपासा. बोथट पेन्सिल दोन थरांच्या मधे ठेवून अंगठ्याने दाबा. सहज आत गेली तर थप्पी सैल आहे. पुठ्ठा आणि कार्पेट पहिल्या काही दिवसांत चांगलेच बसतात. रचताना घट्ट वाटलेली थप्पी नंतर ढिली पडते आणि लोक नट पुन्हा फिरवायलाच विसरतात. सुरुवातीला दर सरावाआधी, नंतर अधूनमधून चारही नट सारखे आवळायचे. एकच कोपरा आवळला तर फळी तिरकी होते आणि समोरच्या कोपऱ्यात फट पडते. लहरीपणाचं कारण बहुधा हेच निघतं.

घट्ट असूनही फक्त मधलाच भाग गेला असेल तर नवा माल आणू नका. थप्पी सोडा. मधल्या पट्ट्या काढून अगदी वर आणि अगदी तळाला घाला, तिथल्या ताज्या पट्ट्या मधे आणा. शिवाय पट्टी फिरवून मागची कड पुढे घेता येते. कार्पेटची पट्टी अशी अदलाबदल करत बराच काळ चालते. पुठ्ठा त्या मानाने लवकर मऊ पडतो, पण तो फुकट मिळतो, तेव्हा त्याचं दुःख नको.

सळया टार्गेटच्या चेहऱ्याच्या, म्हणजे बाण मारायच्या पुढच्या बाजूच्या, बाहेर कडेला ठेवा आणि त्यांच्यासमोर कार्पेटचा जाड तुकडा बांधा. उघड्या लोखंडावर आदळलेला बाण कुठेही उडतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मोठ्या मैदानावर टार्गेट साधारण १० ते १५ अंश मागे कललेलं असतं, आणि ते बघून घरीही लोक तसंच कलवतात. ७० मीटरवरून बाण खाली उतरत येतो, तिथे त्या कलण्याला अर्थ आहे. अंगणात १० ते १५ मीटरवर बाण जवळजवळ आडवाच येतो. आडव्या थरांचं टार्गेट मागे कलवलं की बाण थरांच्या मधून न जाता त्यांना तिरका छेदतो, माल कापला जातो आणि दांडी वाकून बसते. घरचं थरांचं टार्गेट ओळंब्यात उभं ठेवा. ओघात हेही लक्षात घ्या, की अशा टार्गेटमध्ये बाणाची शेपटी वर राहिली की खाली यावरून धनुष्याच्या ट्यूनिंगचा, म्हणजे धनुष्य आणि बाणाच्या जुळणीचा, अंदाज बांधू नका. थर दांडीला स्वतःच्या दिशेने वळवतात.

चिंध्यांची गोणी

गोणी बनवायला सर्वात सोपी, म्हणून तिच्याबद्दल तक्रारीही सर्वात जास्त. तिचा मुख्य दोष: माल खाली बसतो. प्रत्येक बाण चिंध्या थोड्या हलवतो, वजनाने त्या खाली सरकतात आणि वरचा तिसरा हिस्सा पिसासारखा हलका राहतो. पुढून गोणी भरलेली दिसते. वरून तळहाताने दाबलं की हात मनगटापर्यंत आत जातो.

उपाय भरतानाच सुरू होतो. सगळं एकदम न ओतता वीतभर थर घालायचा, लाकडी दांड्याने किंवा पायाने चांगला ठेचायचा, मग पुढचा थर. कोपरे आधी भरायचे, पोकळी तिथेच राहते. कपड्यांच्या जोडीला पॅकिंगचं पातळ, ताणलं जाणारं प्लास्टिक मिळालं तर जरूर घाला. ते फटींमध्ये जाऊन बसतं. बटणं, चेन, हुक, जाड शिवणी कापून टाका. चेनच्या दातांवर आदळलेलं टोक वाकतं आणि बाणाच्या पुढच्या कडेला चीर जाते. तोंड शिवताना शेवटची मूठ अशी कोंबा, की दाभण चालवायला दुसऱ्या माणसाने गोणी दाबून धरावी लागेल.

बसलेली गोणी सुधारायची तर तोंडाकडून दांडा घालून माल ठेचा, वर नवा भरा, पुन्हा शिवा. रोजच्या देखभालीसाठी ती अधूनमधून उलटी उभी करणं आणि आडवी पाडून तुडवणं पुरतं. गोणी टांगून ठेवत असाल तर माल आणखी लवकर खाली जातो. मला स्वतःला ती फळ्यांच्या चौकटीत, जमिनीपासून थोडी वर टेकवून ठेवलेली बरी वाटते.

प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या उन्हात पडून राहिल्या की धागे ठिसूळ होऊन भुकटी पडायला लागते. गोणी फाटून माल बाहेर आला तर उपसाउपशी न करता फाटकीवर दुसरी गोणी चढवा. तेवढं बास होतं. गोणीवर रुंद पात्यांचं शिकारी टोक मात्र कधीच मारायचं नाही. पहिल्याच बाणात ते कापड उभं चिरतं आणि उपसताना चिंध्यांना अडकून बसतं.

भराव म्हणून वाळू किंवा माती घालायचा मोह होतो, कारण ती नक्की थांबवते. थांबवते ते बाण मोडून. भुसा ओला झाला की दगड होतो. थर्माकोल तर नकोच: बाण त्यातून लोण्यातून सुरी जावी तसा जातो, दाणे अंगणभर उडतात, आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळलेला थर दांडीला चिकटतो तो वेगळाच. गादीतला स्पंजही असाच फसवा आहे. जाडी भरपूर, पण दांडी धरून ठेवण्याइतका दाबच तो देत नाही. तो फुकट मिळालाच तर निम्म्या जाडीपर्यंत आवळून थरांच्या टार्गेटमध्ये घाला.

मधला भाग लवकर का जातो

कारण तुम्ही तिथेच मारता. नेम जितका चांगला, टार्गेट तितकं लवकर मरतं. उपायही तितकाच साधा आहे: मधोमध एक मोठं वर्तुळ लावण्याऐवजी चार कोपऱ्यांत आणि मधे अशी पाच छोटी वर्तुळं काढा आणि एका वर्तुळात एकच बाण मारा. झीज पाच जागी वाटली जाते, आणि एका बाणाने दुसऱ्याची नॉक (दोरीत अडकणारी शेपटीची खाच) फुटण्याचा खर्चही वाचतो. वर्तुळं छापलेला कागदी चेहरा वापरत असाल तर दर वेळी तो हातभर इकडेतिकडे सरकवून लावा. फॉर्मसाठी (उभं राहण्याची, दोरी ओढण्याची ढब सुधारण्यासाठी) चार-पाच पावलांवरून, नेम न धरता मारण्याचा सराव तर मुद्दाम कडेच्या भागावर करा. तिथे माल ताजा असतो.

फोमच्या ठोकळ्यात मधला भाग चौकोनी कापून तिथे बदलता येणारा तुकडा बसवण्याची युक्ती चांगली आहे, फक्त नवा तुकडा भोकापेक्षा सेंटिमीटरभर मोठा हवा, म्हणजे दाबून बसवावा लागेल. बरोबर मापाचा कापलात तर चारही बाजूंना फट राहते आणि बाण नेमका त्या फटीतून निघून जातो. गोणीला ही युक्ती करू नका.

उलटी तक्रार: बाण निघतच नाही

आरपार थांबवायला टार्गेट आवळलं की काहींना हा त्रास सुरू होतो. उपसलेल्या बाणाचा पुढचा भाग बघा. पांढुरका किंवा काळसर चिकट थर दिसला तर फोम वितळून दांडीला लागतोय. कार्बनचा बाण वेगाने येतो, घर्षणाने तापतो, फोम क्षणभर मऊ होऊन दांडीला धरतो आणि थंड होताच चिकटतो. हा थर रबिंग अल्कोहोलने (त्वचा पुसायला वापरतात त्याने) निघतो. थिनरसारखी द्रावणं टाळा, पिसं आणि गोंद दोन्ही खराब होतात. नंतर अंघोळीच्या साबणाची कोरडी वडी दांडीच्या पुढच्या भागावर घासा, किंवा सिलिकॉनचा पातळ हात द्या. तेल लावू नका. धूळ धरून ते आणखी चिकट होतं.

उपसताना मागे कुणी नाही ना ते बघा. झटक्यात निघालेली नॉक डोळ्याच्या उंचीवर असते. एक तळहात टार्गेटवर टेकवा, दुसऱ्या हाताने दांडी टार्गेटच्या अगदी जवळ धरा आणि सरळ रेषेत ओढा. हलवून सैल करायचा प्रयत्न केला की बाण वाकतो. हात घसरत असेल तर रबराचा पातळ तुकडा दांडीभोवती गुंडाळा. बाण निघाला पण टोक आतच राहिलं तर ते गरम करून लावायच्या गोंदाने बसवलेलं असणार आणि तो गोंद तापून सुटला. टोक शोधून काढल्याशिवाय त्या जागी पुढचा बाण मारू नका.

पाठीमागचा अडसर

टार्गेट कितीही चांगलं झालं तरी कधी ना कधी बाण त्याच्या बाहेर जाणारच. किती बाहेर, ते बघा. १५ मीटरवरून २ अंशांची चूक म्हणजे बाण ५० सेंटिमीटरहून जास्त बाजूला. ५ अंशांची चूक झाली, नवशिक्याचा हात दोरी सोडताना दचकला तर तेवढी सहज होते, की बाण १ मीटर ३० सेंटिमीटर बाजूला जातो. ६० सेंटिमीटर रुंद टार्गेटला हे झेपणार नाही. ५ मीटरवर हीच चूक ४४ सेंटिमीटरची होते. म्हणून नवशिक्याला जवळ उभं करायचं, आणि अडसर टार्गेटच्या दोन्ही बाजूंना आणि वरही किमान दीड-दोन मीटर जास्तीचा ठेवायचा.

इथेही तीच परत परत येणारी तक्रार: “जाड कार्पेट ताणून लावलं तरी बाण त्यातून गेला.” ताणून लावलं म्हणूनच गेला. ताणलेलं कापड जागचं हलत नाही, मग सगळा जोर एका टोकाएवढ्या जागेवर पडतो आणि ते फाटतं. सैल लोंबणारं कापड बाणाबरोबर मागे सरकतं आणि त्या सरकण्यात जोर संपवतं. कार्पेट किंवा जाळी फक्त वरून बांधा, खालची कड मोकळी सोडा आणि हातभर कापड जमिनीवर चुणीत पडू द्या, नाहीतर खाली घसरलेला बाण फटीतून निसटतो. एका जाड पडद्यापेक्षा वीतभर अंतर ठेवून टांगलेले दोन पडदे बरे. पहिल्याने जोर खाल्लेला बाण दुसऱ्यात अडकतो. मागे मोकळी जागा सोडा, पडदा भिंतीला चिकटून लोंबला तर तो सैल असून नसल्यासारखा.

जाड रबरी चटई बाण थांबवते, पण कमी ताकदीच्या धनुष्याचा बाण तिच्यावरून उलटा उडी मारू शकतो. तिलाही वरून टांगून खालून मोकळं सोडलं की उडी कमी होते. प्लायवूड, वीट आणि टायर यांना पुढे येऊ देऊ नका. प्लायवूडमध्ये टोक रुतून राहतं आणि दांडी तडकते, विटेवर बाण फुटतो, टायरच्या रबरावरून तो परत येतो.

यातलं काहीही उभं केलं तरी पडदा ही चुकलेल्या बाणासाठी ठेवलेली दुसरी फळी आहे. तिच्या मागे रस्ता, दार, पायवाट किंवा दुसऱ्याचं अंगण असेल तर तिथे धनुष्य उचलायचंच नाही. बाणाचं टोक टार्गेटच्या वर रोखून दोरी ओढण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. दोरी चुकून सुटली तर तो बाण शंभर मीटरच्याही पलीकडे सहज जातो आणि कुठल्याच पडद्याच्या हाती लागत नाही. अंगणात धनुष्य चालवण्याबाबत तुमच्याकडे काय नियम आहे तेही आधी विचारून घ्या.

जो बाण आरपार गेला किंवा पडद्यात, सळईवर, जमिनीवर आदळला, तो लगेच पुन्हा दोरीला लावू नका. दांडी दोन्ही हातांत धरून कानाजवळ हलकीच वाकवा, थोडी फिरवा, परत वाकवा. कर्र असा बारीक आवाज आला किंवा नखाला चीर लागली तर तो बाण तिथेच मोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याची कुसळं धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.